लांबच्या चाकोरीतली जोडी

राजारामपुरी, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अमरेशमामा,

शांभवीचा शरणार्थ. फोनवर तुमच्याशी बोलायला मिळतं तेवढ्यात तुमची आक्का, माझी अव्वा, रडून घेते आणि माझी पाळी येईपर्यंत फोन कट होतो. म्हणून हे पत्र.

मी तुमचा स्टुडिओ परत उघडला. तुम्ही जेलमध्ये गेल्यापासून शटर बंद होतं, कुलूप हातोडीनं फोडावं लागलं. शेजारचे क्लासवाले गाळा बळकावायच्या तयारीत होते. त्यांची बाकडी मी फुटपाथवर फेकली. तुमचीच भाची आहे.

पण स्टुडिओत कॅमेराच नाही. तुमचा कॅमेरा पोलिसांकडे जमा आहे, आणि गेल्या फेब्रुवारीत गडहिंग्लजला बैलगाडी शर्यतीच्या मैदानावर कॅमेऱ्याच्या ज्या दांड्यानं, मोनोपॉडनं, तुम्ही जोडीवाल्या आदर्शचा एक डोळा फोडलात, तोही. वकील परवा आले होते. आदर्श दर वेळी हरकत घेतो म्हणून जामीन अडतो, असं ते म्हणाले. त्या दिवशी कुणाची जोडी पहिली ते ठरवणारा तुमचा निकालाचा फोटो खरा होता आणि आदर्शनं तुम्हाला भर मैदानात खोटारडा म्हटलं, हेच ते कोर्टाला सांगत आहेत.

तर मला कॅमेरा घ्यायचा आहे. पस्तीस हजारांच्या वर जाता येणार नाही, त्यात लेन्सही आल्या. डीएसएलआर घेऊ ना? नवा की जुना? एकच मोठी झूम घेऊ की दोन? सेकंदाला किती फ्रेम मिळायला हव्यात? आणि भरधाव येणारी वस्तू लांबून स्वच्छ टिपायची तर किती एमएम पुरेत? बारशी आणि शाळांची गॅदरिंग करायचा विचार आहे.

तब्येत जपा, कुणाशी भांडू नका.

तुमची शांभवी

*

जेल, कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. शांभवीस,

मामाचा आशीर्वाद. तुझं पत्र इथल्या साहेबांनी आधी वाचलं, मग मला देताना विचारलं, "झूम लेन्स म्हंजे काय रं?" मी म्हटलं, साहेब, लांबचं जवळ आणायची नळी. ते हसले. भांडू नका म्हणतेस, पण काल साबणावरून एकानं माझ्या डोक्यात ताट घातलं. मी त्याचा कान चावला. आता साबण माझ्याकडे आहे.

नीट ऐक. नवा कॅमेरा घेऊ नकोस. मिररलेस नावाच्या नव्या कॅमेऱ्यांच्या नादाला लागून निम्मे फोटोग्राफर आपले डीएसएलआर फुंकून टाकायला लागलेत, त्यातला एक उचल. बॉडीच्या डब्यात पैसा घालू नकोस, लेन्सच्या काचेत घाल. बॉडी चार वर्षांत म्हातारी होते, चांगली काच तुझ्या लेकरांच्या लग्नापर्यंत चालते. दुकानदार नुसता मेगापिक्सेल मोजून दाखवायला लागला की समज, तो तुला कापतोय. आणि लग्नवाल्याचा कॅमेरा नको. त्याचं शटर लाखो वेळा पडलेलं असतं. लेन्समधून आरपार टॉर्च मारून बघ. आत पांढरं जाळं दिसलं तर ती बुरशी. विकणाऱ्याच्या तोंडावर फेकून ये.

लेन्स दोन घे. अठरा-पंचावन्न बॉडीबरोबर येतेच, बारशाला ती पुष्कळ झाली. दुसरी पंचावन्न-अडीचशे. हलकी, स्वस्त आणि उन्हात झकास. सत्तर-दोनशेची ती जड तोफ बघून लाळ गाळू नकोस, तेवढ्यात दुभती म्हैस येते. आणि एकच अठरा-तीनशे घ्या, तिच्यात सगळं होतंय, असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आता एक सांग. सेकंदाला फ्रेम किती, हे कशाला विचारलंस? बारशातलं पोर पाळण्यातून उठून पळतंय काय? शांभवी, मैदानावर जायचं डोक्यात असेल तर तंगडं तोडीन. निकालाच्या त्या रेघेवर माणूस माणूस राहत नाही. काठीला खिळा ठोकून बैलाला टोचतात, शेपटी दातांनी चावतात, आणि हरलं की तीच काठी दुसऱ्याच्या बरगडीत जाते. तिथं पोरीबाळींचं काम नाही.

आक्काला सांग, रडू नकोस. मी इथं मजेत आहे.

अमरेशमामा

*

राजारामपुरी, कोल्हापूर
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

शरणार्थ. तंगडं तोडायला आधी बाहेर या.

तुम्ही सांगितलं तसंच घेतलं. बॉडी शाहूपुरीतल्या एका निवृत्त मास्तरांची, त्यांनी रंकाळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढण्यापलीकडे तिला काही त्रास दिलेला नाही. पंचावन्न-अडीचशेही त्यांच्याकडेच मिळाली. टॉर्च मारून बघितली, काच स्वच्छ आहे. मास्तर म्हणाले, "एवढं तर मी बायको बघतानासुद्धा निरखलं न्हवतं."

तुम्हाला वास लागला तो बरोबर होता. गडहिंग्लजच्या त्याच मैदानाचं काम मी घेतलंय. या फेब्रुवारीत निकालाचा कॅमेरा माझा. आपल्या स्टुडिओचा फोटो खोटा नसतो, हे त्याच रेघेवर दाखवायचं होतं मला.

ही बातमी आदर्शला लागली आणि तो दुकानात आला. बरोबर तिघं होते. त्यानं काळा गॉगल काढून काउंटरवर ठेवला. डाव्या पापणीखाली नुसता खड्डा आहे, मामा. मी मान वळवली तर म्हणाला, "बघ की. तुझ्या मामाची कलाकारी हाय." एकानं हॉकी स्टिक घातली आणि शोकेसची काच माझ्या पायावर आली. दुसऱ्यानं भिंतीवरचे फोटो एकेक उतरवून गुडघ्यावर मोडले. घोटा फाटला, टाके पडलेत. मी ओरडले तसा तिसऱ्यानं माझा गळा धरला.

अव्वा आतून नारळ फोडायचा कोयता घेऊन आली. तुमची ही आक्का देवळातल्या घंटेलाही हळू हात लावते, पण त्या दिवशी तिचा चेहरा मी ओळखला नाही. ती आदर्शला म्हणाली, "एक डोळा ऱ्हायलाय. त्योबी हवाय का न्हाय, आधी ठरव." गळा धरणाऱ्याचे हात आपोआप सुटले.

जाताना आदर्श बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "फोटो खोटा हुता म्हनून तुझ्या मामानं सांगू दे, न्हायतर तू मैदानावर सांग. सगळ्यांच्या देखत. मी जामिनाला हरकत घ्यायचा न्हाय. मला भरपाई नको, काय नको. मी पैला आलतो की, पोरी."

अव्वा म्हणते, एक वाक्य बोलून भाऊ घरी येत असेल तर बोलून टाक. मी म्हटलं, फोटो खरा असताना खोटा कसा म्हणू? तुम्ही सांगा.

तुमची शांभवी

*

जेल, कोल्हापूर
१७ डिसेंबर २०२४

चि. शांभवीस,

तुझं पत्र वाचून मी भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही, दोन बोटं सुजली, म्हणून अक्षर असं आहे.

माझी शोकेस फोडली? तुझा गळा धरला? त्या तिघांची नावं लिहून ठेव. आक्काचं मात्र ऐकून बरं वाटलं. लहानपणी हिरण्यकेशी नदीत तिनं मला असंच बुचकळून काढलं होतं, तिच्या बाहुलीचं डोकं उपटलं म्हणून.

फोटो खोटा होता असं मी म्हणणार नाही. नरड्यावर पाय दिला तरी नाही. त्या दिवशी धुरळ्यात झेंडापंचाला काही दिसलं नव्हतं, त्यानं झेंडा अर्धाच उचलला होता. चुन्याची रेघ तर दुपारीच खुरांनी पुसून गेली होती. निकाल कुणी दिला? माझ्या कॅमेऱ्यानं. कॅमेऱ्यापासून लांबच्या चाकोरीत सिद्धाप्पाची जोडी होती, जवळच्या चाकोरीत आदर्शची. फोटोत सिद्धाप्पाच्या बैलाचं नाक रेघेच्या पलीकडच्या टोकाच्या खांबाला टेकलंय आणि आदर्शचा बैल मागं आहे. सगळं मैदान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं. माझा कॅमेरा खोटं बोलतो म्हणणाऱ्याचा मी डोळा फोडला, आणि उद्या पुन्हा म्हणाला तर दुसरा फोडीन. साहेब, हे तुम्ही वाचत असाल तर वाचा.

तू ऐकणार नाहीसच, तर अक्कल घेऊन जा. पोरं रेघेला चिकटून उभी राहतात, अठरा-पंचावन्न लावून. छकडा वळला की चाकाखाली जातात. माझ्यासमोर एकाच्या मांडीत जुवाचं टोक घुसलं होतं, हाड उघडं पडलं होतं, आणि लोक त्याला ओलांडून निकाल काय लागला ते विचारत होते. लेन्स म्हणजे काठी, पोरी. जेवढी लांब तेवढा मार लांब.

निकालाच्या खांबांच्या पुढं, डाव्या अंगाला ट्रॅक्टरची ट्रॉली लावतात. तिच्यावर चढ. मी गेली सगळी वर्षं तिथूनच काढतो. जोड्या समोरून अंगावर येतात, तोंडाचा फेस, डोळे, धुरळा, सगळं चौकटीत भरतं. झूम दोनशेच्या आसपास ठेव, शटर हजाराच्या वर, आणि पलीकडचा खांब चौकटीतून सुटू देऊ नकोस. ज्याचं नाक आधी खांबाला लागेल तो पहिला. मैदानाआधी एकदा तिथं जाऊन सराव कर.

आदर्शला सांग, मामानं नमस्कार सांगितलाय.

अमरेशमामा

*

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता लिहिते.

संक्रांतीच्या खरेदीला म्हणून अव्वाला घेऊन गडहिंग्लजला गेले आणि रिकाम्या मैदानावर सराव केला. सिद्धाप्पाकाका तिथं बैलांना फिरवायला आले होते, त्यांनी मदत केली, तुमच्या जागी ट्रॉलीही लावून दिली. खांब रोवलेलेच होते. मी चुन्यानं नवी रेघ आखली. अव्वाला जवळच्या चाकोरीत उभी केली, रेघेच्या एक पाऊल पुढं. सिद्धाप्पाकाकांना लांबच्या चाकोरीत, बरोबर रेघेवर. मग तुमच्या जागी ट्रॉलीवर चढले, झूम दोनशेवर नेली आणि पलीकडचा खांब धरून फोटो काढला.

फोटोत सिद्धाप्पाकाका खांबाला जवळजवळ टेकलेत आणि अव्वा त्यांच्या मागं आहे.

अव्वा पुढं होती, मामा. एक पाऊल पुढं होती. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा काढला, झूम बदलून काढला. दर वेळी लांबच्या चाकोरीतला माणूस पुढं. ट्रॉलीवरून पलीकडच्या खांबाकडे नजर तिरकी जाते. लांबचा माणूस त्या तिरक्या नजरेला आधी लागतो, जवळचा उशिरा. जमिनीवर चुन्याची रेघ असली तर पाय बघून चूक कळते. तुमच्या वेळी रेघ पुसलेली होती. आणि लांबची लेन्स मधलं अंतर खाऊन टाकते, त्यामुळं काही चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही.

मग मी बाजूच्या उसाच्या बांधावर गेले, जिथून दोन्ही खांब एकामागं एक येऊन एकच दिसतात. झूम पार अडीचशेला. तिथून अव्वा पुढं दिसली, जशी होती तशी.

मी दोन्ही फोटो सिद्धाप्पाकाकांना दाखवले. काका म्हणाले, "पूस." मी म्हटलं, कशाला? त्यांनी माझी वेणी मुठीत धरली आणि माझं तोंड ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटलं. "त्या निकालावर माझ्या बैलाचं नाव झालंया. भायेर बोललीस तर कॅमेरा आन् तू, दोनी इहिरीत." समोरचा दात अर्धा तुटला. अव्वानं दगड उचलून त्यांच्या कानशिलात घातला, तेव्हा वेणी सुटली. रक्त पुसत, अडखळत आम्ही एसटी स्टँडपर्यंत आलो. कॅमेरा मी पोटाशी धरला होता.

आदर्श पहिला आला होता, मामा. मी मैदानावर हे सांगणार आहे. पण तुम्ही आधी "सांग" म्हणा. तुमच्या तोंडून हवंय मला.

तुमची शांभवी

*

जेल, कोल्हापूर
२३ जानेवारी २०२५

शांभवी,

तुझं पत्र फाडून टाकलं.

हातात पंचावन्न-अडीचशे आली म्हणून मला चौकट शिकवतेस? मी निकालाचे फोटो काढत होतो तेव्हा आक्काचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मी सांगितलेली लेन्स, मी सांगितलेली जागा, आणि त्यातून तू मलाच खोटा पाडलंस.

फोटो खरा असेल तर मी आपल्या कामासाठी हात उचललेला माणूस आहे. इथं चार लोक तेवढ्यासाठी मला मान देतात. फोटो खोटा असेल तर मी कोण? एका पोराचा डोळा फोडणारा गुंड. तुला हे चालतंय?

सिद्धाप्पानं एकच दात पाडला, मी सगळे पाडले असते. मैदानावर तोंड उघडलंस तर तुला मामा नाही. परत लिहू नकोस.

अमरेश

*

सरकारी दवाखाना, गडहिंग्लज
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामा,

लिहू नको म्हणालात, तरी लिहिते. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, उजवं शाबूत आहे.

काल मैदान झालं. पहिली जोडी सुटायच्या आधी मी भोंग्याच्या गाडीवर चढून माइक घेतला. अव्वाचा आणि सिद्धाप्पाकाकांचा फोटो मोठा करून आणला होता, तो दाखवला. म्हटलं, गेल्या वर्षीचा निकालाचा फोटो आमच्या स्टुडिओचा होता आणि तो चुकलेला होता. ट्रॉलीवरून तिरकं दिसतं. जवळच्या चाकोरीतली जोडी पुढं होती. पहिला आदर्श.

आधी हशा पिकला. मग कुणीतरी ओरडलं, "आदर्शकडनं किती खाल्लंस, पोरी?" तुम्हाला भर मैदानात खोटारडा म्हटलं तेव्हा काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या हातात मोनोपॉड असता तर मीही घातला असता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात सिद्धाप्पाकाकांचा पुतण्या गाडीवर चढला आणि त्यानं चाबकाचा दांडा माझ्या डोक्यावर उगारला. मी लेन्स धरायचा हात मध्ये घातला. हाड मोडलेलं आधी ऐकू आलं, मग दुखलं. अठरा-पंचावन्न खाली पडून फुटली. पंचावन्न-अडीचशे कॅमेऱ्याला होती, ती वाचली.

मग आदर्श आला. त्यानं त्या पुतण्याला गाडीवरून खाली ओढलं आणि मारलं. तो निपचित पडल्यावरही मारत होता. तोंडाचं नुसतं भरीत झालं होतं. मी "बास" म्हणायला हवं होतं. मी बघत उभी राहिले आणि मला बरं वाटलं. शेवटी अव्वा मध्ये पडली. आदर्शचा दंड धरून म्हणाली, "बास कर, बाळा. माझा भाऊ असाच आत गेलाय." तो थांबला.

काम मी सोडलं नाही. हात ओढणीनं गळ्यात बांधून बांधावर गेले आणि कॅमेरा बांधावरच्या दगडावर टेकवून सगळे निकाल काढले. कुणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी आदर्श दवाखान्यात आला. जामिनाला हरकत नाही असं त्यानं वकिलांना लिहून दिलंय. वकील म्हणतात, पुढच्या आठवड्यात तुम्ही घरी. आदर्श खाटेजवळ बसला. मग विचारलं, "मामा काय म्हनले?" माझ्याकडे तुमचं शेवटचं पत्र होतं, ते मी कसं दाखवणार? मी म्हटलं, त्यांचं पत्र यायचंय अजून.

काहीतरी लिहा, मामा. शिवी लिहा, पण लिहा.

तुमची शांभवी

*

जेल, कोल्हापूर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. शांभवीस,

मामाचा आशीर्वाद. हात पूर्ण बसेपर्यंत कॅमेरा उचलू नकोस. दाताचं काम चांगल्या डॉक्टरकडून करून घे, पैसे बघू नकोस.

तुझं ते पत्र फाडलं खरं, पण त्यातलं 'अव्वा पुढं होती, मामा' हे वाक्य डोक्यातून जाईना. मग मी इथल्या अंगणात दोन कैदी उभे केले. एक जवळ, दुसऱ्यापेक्षा एक पाऊल पुढं. एक लांब. कोपऱ्यात जाऊन मुठीची नळी केली आणि तिच्यातून पलीकडच्या नळाच्या खांबाकडे बघितलं. लांबचा पुढं दिसला. त्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा लांबचाच. रोज तेच करायला लागलो. शेवटी जवळचा चिडला, त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतोय. त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी हात उचलला नाही.

काल जामिनाचे कागद आले. वकिलाला सांग, मी सही करत नाही.

घरी आलो तर राजारामपुरीत नाहीतर गडहिंग्लजात, कुठं ना कुठं आदर्श समोर येणार. तो मारेल याची भीती नाही, मार मी पुष्कळ खाल्लाय. तो मारणार नाही. तो आक्काच्या शब्दावर थांबणारा पोरगा आहे, माझ्यासमोर येऊन नुसता उभा राहील. त्याच्याकडे बघायची मला छाती नाही. शांभवी, मला भीती वाटते. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

मामा काय म्हणाले, असं त्यानं विचारल्याचं तू लिहिलंस. मी रोज रात्री तेच जुळवत बसतो आणि एकच गोष्ट लिहिता येते. ती त्याला वाचून दाखव. दोन्ही डोळ्यांनी त्यानं शेवटचं जे बघितलं, ते त्याची जोडी रेघ ओलांडताना. ते त्यानं बरोबर बघितलं होतं. तेवढंच तो त्या दिवशी मला सांगायला आला होता.

अमरेश